ताठ कॉलर

गौर हॅमॉकमध्ये बसली होती. दोन माडांच्या मध्ये बांधलेल्या त्या दोरीच्या झोळीत एरवी आमच्या हॉटेलातली गोरी मंडळी छातीवर पुस्तक उपडं टाकून घोरत पडायची. त्या संध्याकाळी तिच्यात हॉटेलचा पांढरा टॉवेल अंथरून, वाटीभर तांदळावर बोटभर उंचीची पितळी अन्नपूर्णा बसवली होती. पुढ्यात कैऱ्या, कलिंगडाचं कापून केलेलं कमळ आणि भिजवलेल्या हरभऱ्यांनी भरलेली बर्फाची बादली. चैत्रातली गौर झोपाळ्यावर बसवतात. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर झोपाळा मिळाला नाही म्हणून टूरवर आलेल्या त्या मराठी बायकांचं काही अडलं नव्हतं.

मी नुकतीच समुद्रातून बाहेर आले होते. अंगात फुलाफुलांचा ओला काफ्तान, डोळ्यांवर बशीएवढ्या काचांचे गॉगल, आणि कधी एकदा खोलीत जाऊन आंघोळ करते असं झालेलं. तेवढ्यात हातात करंडा घेतलेल्या एक बाई वाळू तुडवत थेट माझ्याकडे आल्या.

"मराठीच ना तुम्ही? सकाळी नाश्त्याला 'अगंबाई' म्हणालात, तेव्हाच ओळखलं मी. मी माई पोंक्षे, सांगलीची. या की हळदीकुंकवाला!"

"अहो, मी अशी ओलीचिंब..."

"ओली काय नि सुकी काय, सवाष्ण ती सवाष्ण." त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. तिकडे आरामखुर्चीत भास्कर पोट आभाळाकडे करून, शहाळ्यात नळी खुपसून पहुडला होता. "ते तुमचेच ना?"

"हो," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. भास्कर माझाच होता. फक्त नवरा नव्हता.

नवरा म्हणजे प्रभाकर टिपणीस. तो जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. विक्रीकर खात्यातला सरळमार्गी माणूस. आयुष्यात शौक दोनच: कडक इस्त्रीचा शर्ट आणि वर्षातून एकदा अलिबाग. परदेशाचं नाव काढलं की म्हणायचा, "तिकडे काय वेगळा समुद्र असतो? पाणी खारटच." मधुमेहाने त्याला हळूहळू पोखरलं, पण शेवटच्या दिवसांतसुद्धा डॉक्टर यायच्या आधी त्याला शर्ट बदलून हवा असायचा. त्याचा फोटो आमच्या मुलुंडच्या घरी हॉलमध्ये आहे, कॉलर ताठ केलेला.

भास्कर नाडकर्णी दोन गल्ल्या सोडून राहायचा. ज्येष्ठ नागरिक संघात आम्ही दोघं एकाच दिवशी भजनाला कंटाळून मधूनच उठलो आणि जिन्यात भेटलो. जाहिरातींची चित्रं काढण्यात त्याची हयात गेलेली. बायको फार पूर्वी घटस्फोट घेऊन निघून गेलेली, डोक्यावरचे केस तिच्या पाठोपाठ. कॉलरचा त्याला भारी तिटकारा. "गळ्याला फास लावून घ्यायला मी काय गुन्हा केलाय?" म्हणायचा आणि बारा महिने गोल गळ्याचे टीशर्ट घालायचा. त्या दिवशीच्या टीशर्टावर हिरवा बेडूक होता.

आम्ही दोघं फिरायचो. त्याला आमचा एकच नियम: एक शहर आणि एक समुद्र, बाकी काही बघायचं नाही. पेनांगला आम्ही फक्त जेवलो. लिस्बनला एकाच ट्राममध्ये बसून तोच चढ पुन्हा पुन्हा चढलो, आणि कंटाळा आला की गाडी पकडून समुद्रावर जाऊन सार्डिन खाल्ले. किल्ला राहिला, संग्रहालय राहिलं, चर्च तर कुठलं कुठे ते आठवतही नाही. नऊपर्यंत झोपायचं, दुपारी पुन्हा झोपायचं, आणि मधल्या वेळात लोकांना नावं ठेवायची. इतकी चैन मी जन्मात केली नव्हती.

फक्त एक अडचण होती. माझा मुलगा अमोघ समजायचा की मी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर जाते. भास्करचा नंबर माझ्या फोनमध्ये 'भारती' नावाने होता. "भारतीमावशी फोटो काय झकास काढतात गं तुझे!" अमोघ म्हणायचा. "त्यांचा स्वतःचा एकही फोटो कसा नाही?" मी म्हणायचे, "ती लाजाळू आहे रे." सुनेने तर एकदा भारतीमावशीसाठी ब्लाउजपीस दिला होता. भास्करने तो चष्मा पुसायला घेतला.

मुंबईहून निघताना, विमानात पट्टा बांधता बांधता भास्कर म्हणाला होता, "वैजू, भारतीची ही शेवटची ट्रिप. पुढच्या वेळी मी भास्कर म्हणून येईन. नाहीतर येणार नाही."

"बघू," मी म्हटलं होतं, आणि खिडकीकडे तोंड केलं होतं. तो विनोद करत नव्हता हे मला चांगलं कळलं होतं.

तर, माईंनी माझ्या कपाळाला हळद लावली, मग कुंकू. प्रभाकर गेल्यापासून असं बोट कपाळाला लागलं नव्हतं. चैत्रात समोरच्या बिऱ्हाडातून आमंत्रण यायचं ते दारातूनच, "सुनेला पाठवा हं, वैजूताई." मी सगळ्यांना सांगायचे, मला कुंकवाचं काही नाही, मला आंब्याची डाळ मिळत नाही त्याचं वाईट वाटतं. ते ऐकून लोक हसायचे, मीही हसायचे. पण माईंचं गार बोट कपाळाला टेकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटायचं ते डाळीचं नव्हतंच. बरं झालं, गॉगल होते.

बायका दहा-बारा असतील, टूरमध्ये ठिकठिकाणच्या गावांहून आलेल्या. कडेला दोन-चार नवरे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सगळ्यांच्या म्होरक्या माई.

"आणि तुमचे यजमान?" मी माईंना विचारलं.

"आमचे हे घरीच असतात. हलत नाहीत जागचे," माई म्हणाल्या. "चला, आता नाव घ्या. नाव घेतल्याशिवाय डाळ नाही!"

"अहो, या वयात काय!"

"वयाचं काय? गौर बघतेय वरून. घ्या की!"

डाळीची वाटी माईंच्या हातात होती. कैरीचा आणि हिंगाच्या फोडणीचा वास थेट नाकात येत होता. समोर समुद्र होता. आणि प्रत्येक बाईचा एक ठरलेला उखाणा असतो, लग्नात पाठ केलेला. तो आठवावा लागत नाही. बटण दाबावं तसा तो तोंडातून बाहेर पडतो.

"अलिबागच्या किनाऱ्याला फेसाची झालर,
प्रभाकररावांच्या शर्टाची मीच ताठ ठेवते कॉलर."

हशा झाला, टाळ्या झाल्या. माईंनी फोनवर सगळं टिपून घेतलं. मी डाळीचा पहिला घास तोंडात टाकला आणि मग मला कळलं मी काय बोलले ते.

सगळ्यांच्या माना आरामखुर्चीकडे वळल्या होत्या. बापट नावाचे एक गृहस्थ ओरडले, "काय प्रभाकरराव! कॉलर कुठे गेली?"

भास्करने तोंडातली नळी काढली. आपल्या बेडकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहत होते.

"धुवायला टाकलीय," तो म्हणाला.

खोलीत आल्यावर तो पलंगावर पडून पोट धरधरून हसला. "बायकोने सोडलं, केसांनी सोडलं, आता नावानेही सोडलं! पण अर्थ एकच आहे म्हणा. प्रभाकर काय, भास्कर काय, दोन्ही सूर्यच."

"माझ्या कुंडलीत उकाडाच लिहिलाय," मी म्हटलं. मलाही हसू आलं. वाटलं, निभावलं. दोनच दिवसांत ती मंडळी निघून जाणार होती. कोण कुठली माणसं, पुन्हा भेटणार थोडीच!

पण सकाळी नाश्त्याला माईंनी आम्हाला हाताला धरून आपल्या टेबलावर नेलं. माझी पंचाईत तिथूनच सुरू झाली. एरवी मी भास्करला 'अरे ए' म्हणते. माईंच्या देखत ते 'अहो, ऐकलंत का' झालं. भास्कर पहिल्या 'अहो'ला मागे वळून बघायला लागला, की मी कुणाशी बोलतेय.

"प्रभाकरराव, कुठून रिटायर झालात?" बापटांनी विचारलं.

भास्करने घोट गिळला. "विक्रीकर खातं."

"अरे वा! मी सांगलीत विक्रीकराचीच कामं करायचो की! कुठल्या ऑफिसला होतात?"

"सगळ्याच," भास्कर म्हणाला. "बदल्या फार झाल्या माझ्या."

मग बापटांनी त्याला एक जुना कायदा काढून त्यातलं कलम विचारलं आणि भास्कर म्हणाला की ते कलम त्याला कधीच पटलं नाही. बापट खूश झाले. त्यांनाही पटलं नव्हतं.

इतक्यात वेटरने कॉफी आणली. तिकडची कॉफी म्हणजे खाली बोटभर गोड घट्ट दूध आणि वर थेंबथेंब पडणारा काळा अर्क. भास्कर तिच्यावर जीव टाकायचा. ती मिळते म्हणूनच त्याने हा देश निवडला होता. माई म्हणाल्या, "प्रभाकररावांना चालतं ना गोड?"

"नको नको," माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यांना डायबिटीस आहे."

माईंनी तत्परतेने कप उचलला आणि बापटांच्या पुढ्यात ठेवला. भास्करसमोर कोरी काळी कॉफी आली. मग त्याच्या ताटलीतला आंबा गेला, केळं गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता आता. एका रात्रीत त्याला प्रभाकरची नोकरी मिळाली होती, आणि आता प्रभाकरचा आजारही. मला त्याची दया आली आणि स्वतःचा राग आला, पण माईंच्या पुढे काय बोलणार? मी मुकाट्याने अंडं सोलत बसले.

दुपारी आम्ही होई आनच्या जुन्या गावात गेलो. पिवळ्या भिंती, दारोदारी रंगीत कंदील, आणि दर तिसरं दुकान शिंप्याचं. आज माप द्या, उद्या कपडा घ्या, अशी तिथली रीत. आम्ही दुकानांवरून नुसतेच भटकत होतो. भास्कर एकाएकी एका दुकानात शिरला.

"शर्ट," तो दुकानातल्या मुलीला इंग्रजीत म्हणाला. "पांढरा. कॉलरवाला. कॉलर ताठ पाहिजे, अगदी ताठ."

"भास्कर, हे काय?"

"घालून बघतो एकदा. तुझ्या किनाऱ्याला झालर आहे, मग मलाही कॉलर नको का?"

मुलीने त्याच्या गळ्याभोवती टेप टाकला. पोटाला टाकला तेव्हा तिला दुसरा टेप शोधावा लागला. माप घेऊन झाल्यावर तिने चिठ्ठी पुढे ओढली आणि नाव विचारलं.

भास्कर माझ्याकडे वळला. "सांग तू. काय लिहायचं?"

त्याच क्षणी दारात छत्री मिटवल्याचा आवाज आला. "अगंबाई, तुम्हीपण इथेच! काय प्रभाकरराव, शर्ट का? झक्कास!" माई आत आल्या, पाठोपाठ बापट, त्यांच्या मागे आणखी दोघी.

मुलगी पेन धरून थांबली होती. सगळेच थांबले होते.

"प्रभाकर," मी म्हटलं.

तिने लिहून घेतलं. माई कापडं बघायला आत गेल्या. भास्कर चिठ्ठीची घडी करत रस्त्यावर आला आणि मी त्याच्या मागे. कंदिलांखाली उभं राहून तो अगदी हळू बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"वैजू, घरी तुझ्या मुलासाठी मी भारती. इथे परक्या लोकांसाठी प्रभाकर. मग भास्कर नाडकर्णी आहे कुणासाठी? फक्त व्हिसासाठी?"

माझ्यापाशी उत्तर होतं. पण मी म्हटलं, "कॉफी घेऊ या का? गोड?"

"नको," तो म्हणाला. "मला डायबिटीस आहे."

त्या संध्याकाळी आम्ही शेजारी शेजारी बसून मासे खाल्ले आणि एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. माशांना चवच नव्हती, किंवा असेल, मला कळली नाही. भास्करसारखा बडबड्या माणूस गप्प बसला की पंखा बंद पडल्यासारखं होतं. आधी नुसतं चुकल्यासारखं वाटतं, आणि मग घाम फुटायला लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॅग भरत होता.

"अरे, आपल्याला अजून चार दिवस आहेत इथे," मी म्हटलं.

"तू राहा चार दिवस. मी तिकीट बदलून घेतलंय, आज जातो." त्याने बेडूक घडी करून बॅगेत टाकला. "अमोघला सांग, भारतीला अचानक मुलीकडे जावं लागलं. भारती काय, तुझ्या सोयीने कुठेही जाते."

"आणि मुंबईला आल्यावर?"

"आल्यावर काय? संघात भजन असतंच गुरुवारी."

एवढं बोलून तो खाली गेला. मी पलंगाच्या काठावर बसून राहिले. मला भीती कशाची होती? अमोघची नव्हती. तो रागावला असता, चार दिवस बोलला नसता, मग बोलला असता. भीती वेगळीच होती. चाळीस वर्षं मी एकच नाव घेतलं होतं. त्या जागी दुसरं घेतलं तर पहिलं पुसलं जाईल असं मला वाटत होतं. प्रभाकरने माझ्याकडून फार काही मागितलंच नव्हतं कधी. एक कॉलर तेवढी मागितली होती. आणि हे भास्करला सांगायचं कसं? तो चित्रकार. म्हणाला असता, एकावर दुसरं रंगवतातच की.

खाली हॉटेलच्या दारात टूरची बस लागली होती. बॅगा चढत होत्या. शिंप्याकडचं पुडकं काउंटरवर आलं होतं, आणि भास्कर नवा शर्ट घालून उभा होता. बापटांनीच आग्रह केला असणार. पांढरा फटक शर्ट. कॉलर अशी ताठ की त्याला मान वळवता येत नव्हती. गळा लाल झाला होता, आणि टकलावरून घामाचा ओघळ कॉलरीत उतरत होता. अलिबागचा उखाणा माणसाला घातला की तो असा दिसतो. मला हसायला आलं आणि त्याच वेळी लख्ख कळलं. हा माणूस आज गेला तर पुन्हा जिन्यातसुद्धा भेटणार नव्हता.

"आता शोभतोय जोडा!" माई म्हणाल्या. फोन त्यांनी आधीच समोर धरला होता. "जाता जाता एक नाव होऊन जाऊ दे, ताई. कॉलर आलीय आता!"

"माई, त्यांना टॅक्सी पकडायचीय..." भास्कर म्हणाला. तो स्वतःलाच 'त्यांना' म्हणत होता. इतका त्याचा पार गोंधळ उडाला होता.

मी त्याच्यापाशी गेले. भरल्या दारात, सगळ्यांच्या देखत, त्याच्या शर्टाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. कॉलर दोन्ही हातांनी धरून मागे पाडली. त्याने लांब श्वास घेतला. आणि मी नाव घेतलं. पाठ केलेलं नव्हतं, उभ्या उभ्या जुळवलेलं.

"समुद्राला झालर नको, शर्टाला नको कॉलर,
भास्कररावांच्या संगे फिरीन, संपेपर्यंत डॉलर!"

टाळ्या दोनच वाजल्या, त्याही अर्ध्यावर थांबल्या.

"भास्करराव?" बापट म्हणाले. "म्हणजे हे प्रभाकरराव नव्हेत?"

"नव्हेत. प्रभाकर माझे यजमान. सात वर्षं झाली त्यांना जाऊन."

"मग हे कोण?"

"हे भास्कर नाडकर्णी. हे माझे..." पुढे शब्द सापडेना. मराठीत सासूच्या जावेलासुद्धा नाव आहे, पण याला काही नाही. "माझे आहेत," मी म्हटलं. "विक्रीकरात कधीच नव्हते. आणि यांना गोड चालतं."

एक बाई दुसरीच्या कानाला लागली. सगळ्यांचं लक्ष माईंकडे, कारण हळदीकुंकू त्यांचं, गौर त्यांची आणि सवाष्ण ठरवलीही त्यांनीच. बापट तर उखडलेच. "माई, तुम्ही कुंकू लावलंत यांना! चैत्रगौरीचं!"

माईंनी फोन खाली केला. "लावलं. मग?"

"मग म्हणजे... हे काय बरोबर आहे?"

"बापट, मी काय म्हटलं होतं? आमचे हे घरीच असतात, हलत नाहीत जागचे. म्हटलं होतं ना?"

"हो."

"भिंतीवर असतात. चार वर्षं झाली." माईंनी पर्समधून करंडा काढला. "गौर विधवेने मांडली, विधवेला कुंकू लावलं. मारली का तिने हॅमॉकमधून उडी? डाळ तर तुम्ही तीन वाट्या खाल्लीत."

बापट बसमध्ये जाऊन बसले. माईंनी पुन्हा माझ्या कपाळाला बोट लावलं, या वेळी जरा दाबूनच. मग मी त्यांच्या हातून करंडा घेतला आणि त्यांना लावलं. दोघींचेही डोळे भरले होते आणि माझे गॉगल खोलीत राहिले होते. "हा आत्ताचा व्हिडिओ पाठवा मला," मी म्हटलं.

बस गेली. मागे मी, भास्कर आणि त्याची बॅग.

"टॅक्सी?" मी विचारलं.

"आधी कॉफी," तो म्हणाला. "दोन. दोन्ही मलाच."

तो कॉफी पीत असताना मी तो व्हिडिओ अमोघला पाठवला. खाली लिहिलं, 'ही भारती.' आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. भास्करचं कॉफीतलं लक्ष उडालं. दुसरा कप तसाच राहिला.

अमोघचा फोन आला तेव्हा मी तो लगेच उचलला.

"आई," तो म्हणाला, "झालर-कॉलर बाबांचं होतं." आवाज लहानपणी आजारी पडल्यावर यायचा तसा आला होता. "ते कशाला बदललंस?"

या वेळी उत्तर आपोआपच बाहेर पडलं.

"बदललं नाही रे. म्हणून तर 'नको' म्हटलं ना मी? झालरही त्यांचीच, कॉलरही त्यांचीच. ती त्यांच्यापाशीच ठेवलीय मी. यांना बिनकॉलरचंच ठेवणार आहे."

भास्करने टेबलाखाली माझा हात धरला होता, इतका घट्ट की माझी अंगठी रुतत होती.

"गॉगल बदल तुझे," अमोघ म्हणाला.

"काय?"

"पेनांगपासून बघतोय. प्रत्येक फोटोत तुझ्या दोन्ही काचांमध्ये भारतीमावशीचं टक्कल दिसतं." आणि फोन ठेवला. पुढे चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी विमानतळावर घ्यायला आला, आणि बॅगा दोघांच्या उचलल्या.

यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. आम्ही अजून फिरतो. एक शहर, एक समुद्र. होई आनचा तो शर्ट भास्करने पुन्हा कुठल्या प्रवासाला नेला नाही. तो कपाटात असतो. वर्षातून एकदाच बाहेर निघतो, प्रभाकरच्या श्राद्धाला. पहिल्या वर्षी अमोघनेच त्याला जेवायला बोलावलं, तेव्हा हा कुणी न सांगता तो घालून आला, वरच्या बटणापर्यंत लावून. फोटोसमोर वाकला आणि जेवण होईपर्यंत मान न वळवता बसला. दरवर्षी तसाच बसतो.

कॉलरला इस्त्री मात्र मीच करते.